वस्ती बदलत गेली, प्रमाण तेच राहिले : शिकागो आणि गुन्ह्याचे समाजशास्त्र

नदीकाठ

अमेरिकेतील पहिले बालन्यायालय शिकागोत १८९९ साली सुरू झाले. तेथे आणलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि आरोप यांच्याबरोबर त्याच्या घरचा पत्ताही दप्तरी नोंदवला जाई. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन संशोधकांनी पुढे या पत्त्यांचा असा काही उपयोग केला, की गुन्ह्याकडे पाहण्याची समाजशास्त्राची रीतच बदलली. दोघेही शेतकरी कुटुंबांत वाढलेले होते, आणि संशोधनाकडे वळण्यापूर्वी शॉ यांनी सुटून आलेल्या कैद्यांवर व परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी देखरेखीखाली, सोडलेल्या मुलांवर देखरेख ठेवण्याची नोकरी केली होती. १९०० ते १९३३ या काळातील निरनिराळ्या वर्षगटांत न्यायालयापुढे आलेल्या हजारो मुलांची घरे त्यांनी शहराच्या नकाशावर मांडली आणि शहराच्या प्रत्येक भागात एकूण मुलांपैकी किती न्यायालयात पोहोचली, याचे प्रमाण काढले.

मध्यवर्ती व्यापारी पेठेला लागून असलेला पट्टा, कत्तलखान्यांमागची वस्ती, दक्षिणेकडील पोलाद कारखान्यांचा परिसर येथे हे प्रमाण सर्वाधिक होते आणि शहराबाहेर जावे तसे ते घटत गेलेले दिसले. गरीब वस्तीत गुन्हे अधिक, एवढेच यातून निघाले असते तर त्यासाठी नकाशाची गरज नव्हती. पण शॉ आणि मॅके यांच्याकडे तीन दशकांच्या नोंदी होत्या. शतकाच्या आरंभी या वस्त्यांत जर्मन, आयरिश आणि स्वीडिश कुटुंबे राहत होती. नंतर तेथे पोलिश व इटालियन आले. त्यानंतर काही भागांत दक्षिणेकडील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय राहू लागले. एवढी उलथापालथ होऊनही त्या त्या वस्तीतील बालगुन्ह्यांचे प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच राहिले. उलट, जी कुटुंबे हातात चार पैसे आल्यावर बाहेरच्या उपनगरांत राहायला गेली, त्यांच्या पुढच्या पिढीतील मुलांचे न्यायालयात येण्याचे प्रमाण तेथील इतर मुलांसारखे उतरले.

या निष्कर्षाचे वजन कळण्यासाठी तो काळ लक्षात घ्यायला हवा. जन्मजात गुन्हेगाराची कवटी आणि जबडा निराळा असतो, असे सांगणाऱ्या लोंब्रोसो या इटालियन डॉक्टराचा ग्रंथ १८७६ साली निघाला होता आणि त्याचा प्रभाव अजून पुरता ओसरला नव्हता. दक्षिण व पूर्व युरोपातील लोक मूळचेच कमी प्रतीचे, या समजुतीला बळी पडून अमेरिकेने १९२४ साली त्यांच्या प्रवेशावर कडक मर्यादा घालणारा कायदा केला होता. अशा वेळी कोणताही वंश त्या वस्तीत आला तरी त्याच्या मुलांचे तेच होते आणि तेथून बाहेर पडला की ते थांबते, हे आकड्यांनी दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती.

मग वस्तीत असे काय होते? शॉ आणि मॅके यांचे उत्तर ‘सामाजिक विघटन’ या नावाने ओळखले जाते. भाडे परवडते म्हणून लोक तेथे येतात, स्थिर होण्याआधीच निघून जातात. शेजाऱ्याची भाषा कळत नाही. शाळा, चर्च, मंडळे यांची मुळे धरत नाहीत. परिणामी रस्त्यावरच्या पोराला हटकणारे कोणी उरत नाही, आणि हटकले तरी त्याच्या घरी कोणाला सांगायचे हे ठाऊक नसते. त्यांच्या नोंदींत आणखी एक सूक्ष्म गोष्ट सापडते : एकाच गुन्ह्यात पकडलेली लहान-मोठी मुले पाहत मागे गेले, तर आजच्या मुलाचा जुना साथीदार, त्या साथीदाराचा त्याहून जुना, अशी साखळी कित्येक वर्षे मागे नेता येते. चोरीची विद्या वस्तीत वरच्या वयाकडून खालच्या वयाकडे उतरत होती. समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी गुन्हा हा इतर कोणत्याही वर्तनासारखा निकटच्या माणसांकडून शिकला जातो, असे जे मांडले आणि १९४७ साली नऊ विधानांत बांधले, त्याचा धागा शिकागोच्या या परंपरेशी जुळलेला आहे.

याच सुमारास रॉबर्ट मर्टन यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत वाढलेल्या या समाजशास्त्रज्ञाचा १९३८ सालचा निबंध अवघा दहा-अकरा पानांचा आहे. समाज सर्वांना श्रीमंतीचे एकच स्वप्न दाखवतो, पण तेथवर जाण्याचे सरळ मार्ग काहींनाच उपलब्ध करून देतो. या ताणातून काही जण स्वप्न धरून ठेवतात आणि मार्ग बदलतात, असा त्याचा आशय. मला हा निबंध वाचताना नेहमी तो जितका देखणा वाटतो तितकाच अपुरा वाटतो. ताण तर लाखोंना असतो; त्यांतले बहुतेक जण चोरी करत नाहीत. क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी १९६० साली त्यावर जी दुरुस्ती सुचवली ती मोलाची आहे : आडमार्गालाही संधी लागते, हात धरून शिकवणारा लागतो, माल घेणारा लागतो, आणि तीही सगळ्यांना मिळत नाही.

सदरलँड यांनी मात्र या सर्व चर्चेच्या पायालाच सुरुंग लावला. डिसेंबर १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी विचारले, की गरिबी हे गुन्ह्याचे कारण असेल तर कंपन्यांच्या संचालकांच्या लबाडीचे काय? दहा वर्षांनी त्यांचे पुस्तक आले, तेव्हा त्यात ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध गेलेल्या ९८० निर्णयांचा हिशेब होता. पण प्रकाशकांना अब्रुनुकसानीच्या खटल्यांची धास्ती वाटल्यामुळे कंपन्यांची नावे गाळावी लागली आणि ती छापली जायला १९८३ साल उजाडले. ज्यांच्या पत्त्यांचे ठिपके नकाशावर बेधडक उमटवले गेले त्या मुलांच्या वाट्याला अशी धास्ती आली नव्हती.

आता नियंत्रणाकडे येतो, कारण माझ्या मते गुन्ह्याच्या कोणत्याही सिद्धान्ताची परीक्षा तो सुचवतो त्या उपायात आणि त्या उपायाचे पुढे काय झाले यात होते. शॉ यांनी १९३० च्या दशकात ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ उभा केला. पहिला प्रयोग रसेल स्क्वेअर या पोलाद कारखान्याशेजारच्या पोलिश कामगारवस्तीत झाला. त्या काळच्या समाजकार्याच्या शिरस्त्याला सोडून शॉ यांनी बाहेरून प्रशिक्षित सेविका पाठवल्या नाहीत. वस्तीतील तरुणांनाच पगारी कामावर घेतले, चर्चच्या तळघरात मुलांचे मंडळ सुरू केले, रहिवाशांची समिती नेमून निर्णय तिच्यावर सोपवले आणि तुरुंगातून परतलेल्यांना त्याच समितीच्या कामात सामावून घेतले. प्रशिक्षित समाजसेवकांनी या पद्धतीवर कडक टीका केली. प्रकल्पाने बालगुन्हे घटल्याचे सांगितले, पण तुलनेसाठी दुसरी वस्ती काटेकोरपणे बाजूला ठेवलेली नसल्यामुळे नेमका किती फरक पडला हे सिद्ध करता आले नाही. प्रकल्प मात्र टिकला.

साठ वर्षांनी रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. शिकागोचे ३४३ वस्तीगट पाडून त्यांनी ८,७८२ रहिवाशांना विचारले : मुले शाळा चुकवून नाक्यावर उभी असतील, भिंतीवर रंग फासत असतील, घरासमोर मारामारी होत असेल, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे का? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की सारख्याच गरीब वस्त्यांपैकी जेथे ही तयारी आणि हा विश्वास अधिक, तेथे हिंसाचार कमी. शॉ यांचा अंदाज बरोबर होता, असे मला यावरून वाटते. त्यांच्याकडे फक्त मोजपट्टी नव्हती.

---

अर्धविराम

मांडणी आवडली, परंतु नियंत्रणाच्या भागात पोलिसांचा उल्लेखही नसावा, हे खटकले. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले होते. १९९४ साली महापौर जुलियानी आणि पोलीस आयुक्त ब्रॅटन यांनी किरकोळ बेशिस्तीवर कारवाई सुरू केली, म्हणजे भुयारी रेल्वेत तिकीट चुकवणारे, भिंती रंगवणारे, रस्त्यावर दारू पिणारे यांना पकडले, आणि १९९८ पर्यंत खुनांचा आकडा साडेसहाशेच्या आत आला. विल्सन आणि केलिंग यांनी १९८२ साली जे लिहिले होते, की फुटलेली एक काच तशीच राहिली तर बाकीच्याही फुटतात, त्याचेच हे प्रात्यक्षिक म्हणायला हवे. शेजाऱ्याने हटकावे ही अपेक्षा ठीक आहे. पण समोरच्याच्या खिशात पिस्तूल असेल तर शेजारी दार लावून घेईल, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही.

---

नदीकाठ

अर्धविराम, पिस्तुलाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि सॅम्पसन यांच्या संकल्पनेत पोलिसांना बोलावणे हाही मध्ये पडण्याचाच एक प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या श्रेयाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तेथील खून १९९१ पासूनच, म्हणजे नवे महापौर येण्यापूर्वीच, उतरू लागले होते. त्याच दशकात सॅन डिएगोसारख्या, अगदी वेगळी पोलीसनीती असलेल्या शहरांतही गुन्हे झपाट्याने घटले आणि शेजारच्या कॅनडातही घटले. क्रॅक या अमली पदार्थाचा बाजार मंदावला, रोजगार वाढला, पोलिसांची संख्या वाढली. यांतील कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर थांबवून झडती घेण्याचे प्रकार वाढत वाढत २०११ साली सुमारे ६ लाख ८५ हजारांवर गेले. थांबवलेल्यांत प्रचंड बहुसंख्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांची होती आणि दहातील जवळपास नऊ जणांना कसलीही कारवाई न करता सोडून द्यावे लागले होते. ऑगस्ट २०१३ मध्ये संघराज्यीय न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली; २०१४ साली हा आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. शहर पुन्हा पेटेल असे भाकीत अनेकांनी केले होते, प्रत्यक्षात २०१७ साली खून तीनशेच्याही आत आले. सॅम्पसन आणि राउडनबुश यांनी शिकागोत रस्तोरस्ती गाडी हळू चालवत चित्रण करून अस्वच्छता व बेशिस्त यांची मोजदाद केली होती. त्यांना असे आढळले, की वस्तीतील दारिद्र्य आणि शेजारधर्म हिशेबात धरले तर बेशिस्त आणि बहुतेक गंभीर गुन्हे यांच्यातील थेट नाते विरून जाते. फुटलेली काच आणि गुन्हा ही दोन्ही एकाच विहिरीचे पाणी पितात.

---

गणिती

दोन तांत्रिक आक्षेप नोंदवतो. पहिला, बालन्यायालयाच्या नोंदी म्हणजे बालगुन्हे नव्हेत. पोलीस ज्या वस्तीत जास्त फिरतात तेथील मुले जास्त पकडली जातात. सधन घरातील मुलाची तीच खोडी वडिलांना फोन करून मिटते. दुसरा, वस्तीच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे रॉबिन्सन यांनी १९५० साली स्पष्ट करून दाखवले आहे. शॉ आणि मॅके यांच्या नकाशावरून ‘येथे राहणारा मुलगा बिघडतो’ असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. सर्वाधिक प्रमाणाच्या भागांतही बहुसंख्य मुले कधीच न्यायालयात आली नव्हती.

---

वेशीबाहेर

मला धाग्यातील एक पोकळी अधिक महत्त्वाची वाटते. वस्ती विघटित झाली, असे आपण म्हणतो तेव्हा ती जणू पावसापाण्याने झिजली असे ऐकू येते. शिकागोत कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही वा भाड्याने देणार नाही, असे करार गोऱ्या घरमालकांनी खरेदीखतांतच लिहून ठेवले होते आणि १९४८ पर्यंत न्यायालये ते अमलात आणत होती. १९३० च्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे प्रतवारीचे नकाशे बनवले आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना तांबड्या रंगात रंगवून धोकादायक ठरवले. बँका तेथे कर्ज देईनात. म्हणजे शॉ आणि मॅके नकाशावर ठिपके मांडत होते, त्याच सुमारास दुसऱ्या कार्यालयात दुसरा नकाशा रंगत होता, आणि वस्तीचे भवितव्य त्या दुसऱ्या नकाशाने ठरत होते. पुढे शहराने रॉबर्ट टेलर होम्स हा २८ उंच इमारतींचा गृहप्रकल्प १९६२ साली पुरा केला, एका अरुंद पट्ट्यात हजारो गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे कोंबली, देखभालीकडे दुर्लक्ष केले आणि २००७ पर्यंत त्या सर्व इमारती पाडून टाकल्या. पोलिश आणि इटालियन कुटुंबांना वस्ती सोडून जाता आले, म्हणून त्यांच्या मुलांचे प्रमाण उतरले; ज्यांना जाऊच दिले नाही त्यांच्याबाबत तो नियम लागू होईल अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

---

नदीकाठ

गणिती आणि वेशीबाहेर, दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. शॉ यांच्या प्रकल्पाची हीच मर्यादा होती : रसेल स्क्वेअरची समिती मुलांसाठी शिबिर भरवू शकत होती, पण पलीकडच्या कारखान्याचा पगार किंवा बँकेचे धोरण तिच्या आवाक्याबाहेर होते, आणि शॉ यांनी तिकडे बोट दाखवणे टाळले.

---

गावकुसाची वाट

गुन्ह्याचे मूळ वस्तीत की वंशात, हा वाद शिकागोत चालू होता त्याच वर्षांत आपल्याकडे सरकारने त्याचा निकाल कायद्याने लावून टाकला होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही आला. सरकारने एखादी जमात राजपत्रात जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेल्याची नोंद, हजेरी, बोटांचे ठसे आणि गाव सोडण्यासाठी परवाना, हे सर्व मागे लागे. जाहीर करण्याच्या त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याची मुभाच मूळ कायद्याने ठेवली नव्हती. सुतार जसा पिढीजात सुतार, तसा चोर पिढीजात चोर, असा त्यामागील तर्क होता. प्रत्यक्षात या जमातींचे जगण्याचे साधन काळाने आणि सरकारने काढून घेतले होते. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांचा धंदा रेल्वेने बुडवला. शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांना जंगल कायद्याने जंगलाबाहेर काढले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभारून या लोकांना तेथे डांबले आणि गिरण्यांत कामाला लावले. शहरातील त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखतात.

समाजशास्त्रात यावर जो सिद्धान्त लागू पडतो तो नदीकाठ यांच्या लेखात आलेला नाही. फ्रँक टॅननबॉम यांनी १९३८ साली, एडविन लेमर्ट यांनी १९५१ साली आणि हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली असे मांडले, की एखाद्यावर गुन्हेगाराचा शिक्का बसला की त्याच्याशी सगळे त्याच नात्याने वागू लागतात, सरळ कामाची दारे बंद होतात आणि अखेरीस तो शिक्काच त्याची ओळख बनतो. टॅननबॉम वगैरेंच्या मांडणीत आधी मुलाची काहीतरी खोडी असते आणि शिक्का नंतर येतो. पारध्याच्या पोराला तेवढीही सवलत नव्हती. त्याचा शिक्का जन्माआधीच तयार होता.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ सालचा, आणि पोलीस ठाण्यातील वहीत नावे कायम राहिली. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, हा शिरस्ता कोणत्याही कायद्याशिवाय चालत आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, त्याच निकालात तुरुंग नियमावल्यांमधील विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही रद्द केले. म्हणजे कायदा गेल्यानंतर ७२ वर्षांनी नियमावल्यांतले हे शब्द गेले.

---

अर्धविराम

गावकुसाची वाट, हा इतिहास कोणीही नाकारणार नाही. पण शिक्क्याचा सिद्धान्त टोकाला नेला तर पोलिसांनी कोणाला पकडूच नये, असे होईल. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने काय करावे?

---

गावकुसाची वाट

ज्याने चोरी केली त्याला पकडावे. माझा विरोध जमातीला पकडण्याला आहे. तपास करून एक माणूस शोधण्यापेक्षा पालावरून चौघांना उचलणे सोपे पडते, त्यामुळे खरा चोर बहुधा निसटतो आणि फिर्यादीचाही तोटाच होतो. शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे, याने माणूस जास्त बिचकतो, हे शिक्षेच्या धाकावरील संशोधन सातत्याने सांगत आले आहे. आणि खात्री तपासातूनच येते.

---

पाटीपेन्सिल

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांचे नावही न घेता धागा एवढा पुढे गेला, याचे नवल वाटते.

---

नदीकाठ

पाटीपेन्सिल, जाणूनबुजून घेतले नाही. गुन्हा नसलेला समाज असूच शकत नाही आणि शिक्षेमुळे इतरांची नीतिभावना पक्की होते, हे त्यांचे १८९० च्या दशकातील म्हणणे शिक्षेबद्दल पुष्कळ सांगते; अमुक वस्तीत गुन्हे जास्त का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यांची खरी वारसदारी मला ट्रॅव्हिस हिर्शी यांच्याकडे दिसते. लोक गुन्हा का करतात, हा प्रश्न उलटवून हिर्शी यांनी १९६९ साली विचारले, की बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत? माणसांविषयीचा जिव्हाळा, आयुष्यात गुंतवलेले काहीतरी गमावण्याची भीती, दिवसभराचे काम आणि नियमांवरचा विश्वास, हे त्यांचे उत्तर होते.

---

खडीसाखर

समाजाने पुढाकार घेतला की भलेच होते, असा सूर धाग्यात लागला आहे, म्हणून एक जुना प्रयोग सांगते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी आखलेला हा प्रयोग १९३९ साली सुरू झाला. त्यात एकूण ५०६ मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या होत्या. नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला मदत द्यायची आणि दुसऱ्याला तसेच सोडायचे, असे ठरले. मदत मिळालेल्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय उपचार, उन्हाळी शिबिरे, सर्व काही मिळाले. जोन मकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या सर्वांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट होती. वारंवार गुन्हे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. मजा अशी, की त्यांतील बहुतेकांनी आपल्याला या मदतीचा फायदाच झाला असे सांगितले होते. लाभार्थींची कृतज्ञता हा यशाचा पुरावा मानणाऱ्या आपल्याकडील संस्थांनी हा अभ्यास भिंतीवर लावायला हवा.

---

नदीकाठ

खडीसाखर, या प्रयोगाची आठवण करून दिल्याबद्दल आभार. मकॉर्ड यांनी नंतर केलेल्या विश्लेषणात उन्हाळी शिबिरांकडे बोट दाखवले आहे : ज्यांना वारंवार शिबिरांत पाठवले त्यांच्या बाबतीत परिणाम जास्त वाईट निघाले. बिघडण्याच्या बेतातील मुलांना एकत्र आणून ठेवले, तर ती एकमेकांकडून शिकतात. सदरलँड यांना याचे आश्चर्य वाटले नसते. आपल्या निरीक्षणगृहांत खिसा कापणारा आणि मारहाण करणारा एकाच दालनात झोपतो, तेव्हा तेथेही याहून वेगळे घडेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

---

डोंगरीचा दिवा

शिकागोचा मुंबईशी असलेला एक प्रत्यक्ष दुवा येथे नोंदवतो. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शर्ट अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी १९२० च्या दशकात मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभे केले. शिकागोत जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ साली हल हाउस सुरू करून वस्तीतच राहून काम करण्याची जी रीत घातली होती, तीच येथे आली. त्याच जागेत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा शाळा भरू लागली, मॅन्शर्ट तिचे पहिले संचालक झाले आणि तीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून वाढली. तिने १९९० साली सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत अडकलेल्या गरिबांसाठी काम करतो.

या कामात समोर येणारी अडचण सिद्धान्ताच्या पुस्तकांत फारशी दिसत नाही. आपल्या तुरुंगांतील सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांतल्या पुष्कळांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही, रेशनकार्ड नसते, भाड्याच्या खोलीचा करार नसतो. शॉ यांच्या नोंदवहीत निदान प्रत्येक मुलाला पत्ता होता; पदपथावर राहणाऱ्याला तोही नाही, आणि त्याच कारणाने तो आत राहतो. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ प्रमाणे प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर, काही अपवाद वगळता, त्याला सोडावे असे म्हटले आहे. मात्र बंधपत्राची अट तेथेही आहेच.

---

नदीकाठ

डोंगरीचा दिवा, तुमच्या मुद्द्याला अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासाचा आधार मिळतो. शेल्डन आणि एलिनॉर ग्ल्यूक या दांपत्याने बॉस्टनमधील, सुधारगृहांत पाठवलेली ५०० मुले आणि त्यांच्याशी जुळणारी बाहेरची ५०० मुले निवडून त्यांचा वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला होता. ते कागद हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ते बाहेर काढले, नव्याने तपासले आणि लॉब यांनी त्यांतील काही जणांना सत्तरीच्या घरात असताना गाठून मुलाखती घेतल्या. लहानपणी सारखेच बिघडलेले असूनही काही जण पुढे सुधारले. त्यांच्या आयुष्यात टिकाऊ नोकरी, जिव्हाळ्याचा संसार किंवा लष्करातील सेवा यांपैकी काहीतरी आलेले होते. आणि ज्यांनी तरुणपणी तुरुंगात जास्त काळ काढला, त्यांना स्थिर नोकरी लाभण्याची शक्यता कमी झाली व त्या वाटेने ते पुन्हा गुन्ह्याकडे गेले. जामीनदार नाही म्हणून सहा महिने आत राहिलेल्या माणसाची नोकरी आणि खोली दोन्ही जातात, हे तुम्ही रोज पाहता.

---

गणिती

नाणे उडवून केलेला एखादा प्रयोग वस्तीच्या बाबतीतही झाला आहे काय? सहसंबंधांवरून मी अजून फारसा आश्वस्त झालेलो नाही.

---

नदीकाठ

झाला आहे. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंड यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागले. एका गटातील भूखंडांवरचा कचरा काढून, जमीन सपाट करून गवत आणि थोडी झाडे लावली, कमी उंचीचे लाकडी कुंपण घातले आणि पुढे नियमित निगा राखली. दुसऱ्या गटात केवळ साफसफाई केली. तिसऱ्याला हात लावला नाही. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांत, दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत जेथे भूखंडांची सुधारणा झाली त्यांच्या आसपास बंदुकीच्या हिंसेत सुमारे २९ टक्के घट आढळली. रहिवासी घराबाहेर अधिक वेळ बसू लागले आणि त्यांना भीतीही पूर्वीइतकी वाटेनाशी झाली. यासाठी कोणाची झडती घ्यावी लागली नाही. पूर्वी बंदुका लपवायला जे गाजरगवताएवढे उंच रान उपयोगी पडे, ते तेवढे उरले नाही.